पाचवा टेक

मरोळच्या एका गाळ्यात आम्ही शॉर्टफिल्म करत होतो. दिग्दर्शक माझा कॉलेजमधला मित्र, कॅमेरा माझ्याकडे. नववास्तववादाचं वेड दोघांनाही. नट नको, सेट नको. खरी जागा, खरी माणसं. म्हणून मार खाणारा कामगार खराच कामगार होता आणि त्याला थप्पड मारणारा सुपरवायझरही त्याच गाळ्यातला.

चार टेक फुकट गेले. सुपरवायझरचा हात गालाजवळ येऊन थांबायचा आणि कामगाराला हसू फुटायचं.

"खोटं दिसतंय यार," मित्र वैतागला. सुपरवायझरला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आता थांबू नका. त्याला काही सांगू नका."

मी ते ऐकलं आणि फोकस लावला.

हात थेट कानावर बसला. कामगार मशीनवर आदळला, भुवई फुटली. सुपरवायझर लाथा घालू लागला. कदाचित त्याला हे कधीचंच करायचं होतं. "चालू ठेव," मित्र कुजबुजला. मी चालू ठेवलं. फ्रेममध्ये रक्त सुंदर दिसत होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

मग कामगाराने हाताशी आलेला पाना सुपरवायझरच्या मनगटावर घातला. हाड मोडलं, तो गुरासारखा ओरडला. तेव्हा कुठे सगळे धावले.

रिक्षात मी कामगाराच्या कानाला रुमाल धरून बसले होते.

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

कानाचा पडदा फाटला होता.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड घेऊन मी त्याच्या खोलीवर गेले. "पोलिसांत तक्रार करा, हा पुरावा," म्हणाले. "यात मी मारलेलं पण आहे ना?" त्याने विचारलं. "मग हे पोलिसांकडे गेलं तर मीच आत." आणि कार्ड दातात धरून त्याने मोडून टाकलं.

कार्ड गेल्याचं मित्राला सांगितलं तर त्याने माझी मान धरून मला भिंतीवर दाबलं. "तुला नववास्तववाद कळलाच नाही!"

खरंच नव्हता कळला. खऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करण्याआधी त्याला सगळं खरं सांगावं लागतं, एवढंही आम्हाला सुचलं नव्हतं.

प्लास्टर घातलेला सुपरवायझर आठवड्याने कामावर आला. कामगाराला मालकाने काढून टाकलं. मी पुन्हा त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याच्या बायकोने मला पाहिलं आणि दार लावून घेतलं.