हिरड्याचं काळं टेबल

माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटून बघते. त्यामुळं आमच्या ह्यांनी परसात चुलीवर हिरड्याची साल उकळायला घेतली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

भूकंपाला वर्ष उलटलं होतं. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघालेले, उदगीर-मुखेडची पोरं खोल्या धरून राहिलेली, आणि आमची लेक बारावीला. तिला टेबल हवं होतं. हे शाळेत चित्रकला शिकवायचे, पण हात सुताराचा. कुठूनसं जुनं सागवान आणलं. कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाले, उदगीरला एक गोदाम पाडलं, तिथलं. बाजारात पॉलिशचा डबा मिळतो, मग हा खटाटोप कशाला? तर म्हणे, वासानं पोरीचं डोकं दुखेल. पोरीच्या डोक्याची एवढी काळजी कधीपासून लागली ह्यांना?

त्या दिवसांत पडलेल्या गावांतल्या तुळया, दारं विकायला यायची. मी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, ज्या लाकडाखाली माणसं मेली ते माझा उंबरा ओलांडणार नाही. त्यावर माझी लेक अभ्यासाला बसणार? अजिबात न्हाई.

ह्यांनी टेबलाला हिरड्याचं पिवळट पाणी दोनदा फिरवलं. वरून गूळपाण्यात पंधरा दिवस भिजवलेल्या गंजक्या खिळ्यांचं पाणी लावलं. बघता बघता लाकूड काळं ठिक्कर. दिसत होतं छान, म्हणून तर जास्तच संशय आला. एवढं काळं करून हा माणूस काय झाकतोय?

हे शाळेत गेल्यावर मी लिंबू कापलं. हा डाग लिंबानं निघतो, साडीवर उडाला होता तेव्हाच बघितलं होतं. टेबल उलटं करून फळीची खालची बाजू घासत सुटले. काळं उतरलं, खाचांत दाबलेली भुसा-डिंकाची भर निघाली, आणि लाकडात कोरलेला एक पोपट दिसू लागला. चोच वाकडी. मी तो लगेच ओळखला. माझ्या नणंदेच्या वास्तुशांतीला ह्यांनी स्वतः तो दारावर कोरला होता, आणि चोचीवरून मीच हसले होते. भूकंपात नणंद त्याच घराखाली सापडून गेली.

हे दुपारी आले. उलटं टेबल बघून दारातच थांबले.

"अक्काचं दार हाय," म्हणाले. "ती दर दिवाळीला त्याला असंच हिरड्याचं काळं लावायची. तुला सांगितलं असतं तर घेऊ दिलं असतंस?"

नसतंच दिलं. तेच तर लागलं मला. अक्का गेल्यावर दहा दिवस मी ह्यांच्याजवळून हलले नव्हते. वाटायचं, ह्यांचं दुःख मला सगळं ठाऊक आहे. आणि तिच्या दारासाठी ह्यांना घरात माझ्यापासूनच चोरी करावी लागली. माझी मलाच भयंकर लाज वाटली.

म्हटलं, फळी काढा आणि पोपट वरच्या अंगाला घ्या. पोरीची वही थोडी डगमगली तर डगमगू दे.