खुंटीखालचा कोळसा

देशात तेलाचा शोध किती जोरात चाललाय, हे केदारखेड्यात कोणी रेडिओला विचारत नसे. अप्पारावमामाला विचारत. मामाने घराच्या दारावर लाल रंगाच्या रेघा ओढल्या होत्या. एक जीप, एक रेघ. एकाहत्तर साली दोन, दुष्काळाच्या बहात्तरात तीन, तेल जगभर महागलं त्या वर्षी पाच. मग मुंबईजवळ समुद्रात तेल सापडलं आणि आमच्याकडच्या जीपा घटत गेल्या. शहात्तरात एकच आली. दिल्लीचे आकडे याहून फार वेगळे नसावेत.

तेल शोधणारी सरकारी पार्टी दर वर्षी दिवाळीनंतर यायची. आमच्या गावापासून धावड्याच्या दिशेने त्यांनी चाळीस खुंट्या एका रेषेत ठोकल्या होत्या. प्रत्येक खुंटीवर नंबर. तिथे यंत्र ठेवून काळ्या दगडाखाली काय आहे ते मोजायचे, आणि दर वर्षी त्याच जागी. म्हणून बाकीचे महिने खुंट्या राखायला माणूस हवा होता. मामा चौथी पास, नंबर वाचता येत होते, म्हणून त्याला ठेवलं. काम संपेपर्यंत खुंट्या जागेवर राहिल्या तर पक्क्या नोकरीची शिफारस करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. मामाचा जीव त्या शिफारशीत अडकला. नाहीतर रोज सकाळी मजुरी देणाऱ्या रामरावाच्या अंगणात, आज काम आहे की नाही हे कळेपर्यंत उभं राहायचं. त्या उभं राहण्याचा त्याला मनापासून तिटकारा होता.

पण खुंट्या जागेवर राहतात कुठे? शेतात सरकारी खुंटी म्हणजे जमीन गेली, एवढं सगळ्यांना कळत होतं. रामराव आपली खुंटी शेजारच्या बद्रीनाथाच्या शेतात रोवायचा, बद्रीनाथ ती आणखी पुढे ढकलायचा. चोरी कोणी केली नाही, फक्त शेजाऱ्याला दिली. मामाने मग हद्दीच्या दगडाखाली जुने लोक करत तेच केलं. प्रत्येक खुंटीखाली हातभर खड्डा, तळाशी बांगड्यांच्या काचा, वर कोळसा. खुंटी कुठेही फिरून येवो, मामा खणून कोळसा बघायचा आणि तिला परत जागेवर ठोकायचा. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

शहात्तरच्या एकट्या जीपमधून नवा साहेब आला. त्याने प्रत्येक खुंटीजवळ नळी खुपसून माती काढली आणि पिशव्या भरून नेल्या. सत्याहत्तरात पाच जीपा आल्या. चाळीसही जागी मातीत काहीतरी काळं निघालं होतं, आणि ती खालच्या तेलाची खूण ठरली होती. पुढच्या वर्षी भोक पाडायचं मशीन येणार, आणि तुझा कागदही सहीला गेलाय, असं साहेबाने मामाला सांगितलं. मामा घरी येऊन जेवला नाही. चांगुणामामीने खोदून विचारलं तेव्हा सगळं बोलला. मामीने गप्प राहायला सांगितलं. मशीन आल्यावर काही ना काही निघेलच, असं तिचं म्हणणं. सल्ला वाईट नव्हता. मीही तोच दिला असता.

सकाळी मामा साहेबाला घेऊन शेतात गेला. आधी दोन खुंट्यांच्या मधोमध खणलं. नुसता मुरूम. मग खुंटीखाली खणलं. कोळसा निघाला आणि त्याखाली हिरव्या बांगडीचा तुकडा. साहेबाने तो तुकडा पुसून उजेडात धरला.

"एक वर्ष गप्प राहिला असतास तर पक्का झाला असतास."

"झालो असतो, साहेब. पन मंग सात वर्सं खुंट्या बराबर राखल्या कशापायी?"

अठ्ठ्याहत्तरात जीप आली नाही. दारावर रेघ नाही. पाच जीपांत भरून आलेली ती शिकलेली माणसं; त्यांच्यातल्या एकालाही मामाचा कागद पुढे सरकवावासा वाटला नाही, याचा मला अजून राग येतो.

मामा परत रामरावाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्या दिवशी रामरावाने कामाचं काढलंच नाही. त्याचं आणि बद्रीनाथाचं बांधावरून हातघाईवर आलं होतं, आणि अप्पाराव दाखवील ती हद्द, एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. आपली खुंटी हुडकत मामा तो बांध सात वर्षं तुडवत होता. त्याने दोघांना समोर उभं केलं, खड्डा खणला, काचा टाकल्या, कोळसा टाकला आणि वर खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटी तिथेच होती.