मोदकपात्रातला खुनी

हॅरिस पार्कच्या त्या तीन मजली बिल्डिंगमधे आमचा गणेश राहतो ना, चित्रलेखाचा नवरा, त्याला शाळेत पुस्तक म्हटलं की पोटात दुखायचं. कराडहून सिडनीला शिकायला आला, पास होण्यापुरतं वाचून कसाबसा सुटला, मग विमानतळावर सामान चढवायला लागला आणि इथलाच झाला. बॅगा उचलायच्या आणि अखंड बोलायचं, दोन्ही कामं त्याला छान जमायची. मग करोनाच्या दुसऱ्या वर्षी मोठा लॉकडाउन लागला, विमानं थांबली, शिफ्ट गेली, आणि गणेश बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या मांजराशी बोलायला लागला.

वरच्या मजल्यावर डॉट राहायची. ब्याऐंशी वर्षांची गोरी म्हातारी, एकटी. डोळ्यांनी अंधुक दिसायचं, लायब्ररी बंद. ह्याची बडबड ऐकून एक दिवस तिनं दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. आत एक जुनं पुस्तक, तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, केनचं. इंग्लंडातल्या पोलिसांचं, खुनाचं. म्हणाली, रोज चारला थोडं थोडं वाचून दाखवशील का? केननं वाचलं, पण कुणी मारलं ते मला काही सांगितलं नाही बघ. गणेश म्हणाला, नो वरीज. त्याला नाही म्हणताच येत नाही कुणाला.

तर गोष्ट अशी, की एका खेड्यात एक श्रीमंत म्हातारा चहा पिता पिता खुर्चीतच मरतो, विषानं. घरात त्याची भाची आणि स्वयंपाकीण, शिवाय येऊनजाऊन असणारा डॉक्टर. हॉब्स नावाचा इन्स्पेक्टर येतो, प्रत्येकाला तेच तेच विचारतो आणि घरी जाऊन बायकोच्या शिव्या खातो. गणेश ओळीखाली बोट धरून वाचायचा. पहिल्या दिवशी दोन पानं झाली, तिसऱ्या आठवड्यात वीस. हॉब्सचा आवाज तो आपल्या वडिलांसारखा जाड काढायचा. वाचून झालं की डॉट पुस्तक वर ओढून घ्यायची, उशाशी ठेवायची. केनचं ना.

चित्रलेखा मात्र बाल्कनीत फिरकायची नाही. आपलं इंग्रजी बरं नाही म्हणून लाजायची. पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून सगळं ऐकायची बरं का. आणि करोनाला इतकी भ्यायची, की बाजारातून आलेली कोथिंबीरसुद्धा तिच्याकडे साबणानं आंघोळ करायची. पुस्तक वरून आलं की आधी तासभर दोरीवर उन्हात, मगच गणेशच्या हातात.

शेवटच्या दिवशी, वीसच पानं राहिलेली, नेमकं आभाळ आलं. त्यातून खालच्या मजल्यावर एकाला करोना निघालेला. चित्रलेखाची आई रोज फोनवर सांगायची, वाफ घ्या, वाफ घ्या. हिनं विचार केला, माणसाला वाफ चालते तर पुस्तकाला का नाही? मोदकपात्रात पाणी ठेवलं, चाळणीवर पुस्तक आडवं, झाकण लावून दहा मिनिटं. आत चाळणी कलंडली ते कळलंच नाही. झाकण काढलं तर शेवटची वीस पानं पाण्यात, उकडून एकजीव. चमच्यानं सुटेनात.

चार वाजायला आलेले. गणेशनं फोनवर शोधलं, पण त्या पुस्तकाचा शेवट कुणी लिहून ठेवलेला नव्हता. वरून डॉटची हाक आली. खरं सांगावं, तर नवऱ्याचं पुस्तक उकडलं म्हटल्यावर म्हातारी पुन्हा पिशवी सोडायची नाही. मग त्यानं ते फुगलेलं पुस्तक मांडीवर घेतलं आणि मनानंच वाचायला लागला. दारं वाजवली, विजा पाडल्या, आपल्या सुपरवायझरचे सगळे अवगुण डॉक्टरला चिकटवले आणि त्यालाच बेड्या घातल्या.

मग डॉट म्हणाली, "गणेश, डार्लिंग, दहा मिनिटं झाली. पान उलटल्याचा आवाज एकदाही आला नाही."

गणेश घाईघाईनं पान उलटायला गेला, तर सगळा गठ्ठाच उलटला.

"आणि डॉक्टर त्या दिवशी लंडनला होता. काय केलंस पुस्तकाचं?"

हॉब्सनं तरी अशी चौकशी केली असती का? गणेश तोंड उघडणार, तेवढ्यात चित्रलेखा पिठाच्या हातानं बाहेर आली. "आय कुक्ड युअर बुक, आंटी. सॉरी."

गणेशला वाटलं, संपलं. पण डॉटनं विचारलं, किती वेळ शिजवलंस? दहा मिनिटं, चित्रलेखा म्हणाली, मोदकासारखं. तशी म्हातारी जी हसत सुटली, तिला ठसकाच लागला, आणि चित्रलेखा घाबरून दोन पावलं मागे सरली.

हसून झाल्यावर डॉट म्हणाली, पुस्तक गेलं ते गेलं, पण मला खुनी पाहिजे.

"भाचीच," चित्रलेखा म्हणाली. "मला पहिल्या आठवड्यापासून माहितीय."

तिचं म्हणणं असं, की भाची सांगते चहा तासभर आधी ओतला आणि मी बागेत गेले. पण हॉब्सनं कप बघितला तेव्हा वर साय नव्हती. म्हणजे विषाचा कप धुऊन हिनं ताजा चहा भरून ठेवला. गणेशनं हे सगळं इंग्रजीत करून वर सांगितलं. डॉट म्हणाली, आमच्या चहावर साय येतच नाही, आम्ही दूध गारच घालतो, वरून. चित्रलेखाला पटेना. न उकळलेला चहा असेल, तर त्यात आणखी विष घालायची गरजच काय?

अर्धा तास एक वरून, एक खालून, मधे गणेश. शेवटी ठरलं, करूनच बघायचं. डॉटनं पिशवीतून आपली टी-बॅग खाली सोडली. दुसऱ्या दिवशी चारला टेबलावर दोन कप मांडले, एक उकळलेला, एक गार दुधाचा. गणेशनं समोर बसायचं, पिऊ नये, फुंकू नये, दर दहा मिनिटांनी वर ओरडून सांगायचं. चाळिसाव्या मिनिटाला चित्रलेखाच्या कपावर चांगली जाड साय धरली. डॉटच्या कपावर काहीतरी पातळसा तवंग होता. त्याला साय म्हणायचं की नाही, यावरून दोघी रोज चारला भांडतात, आणि निकाल लागत नाही म्हणून ती बिचारी भाची अजून कोठडीतच आहे.