माहेरच्या नावानं मिरजगावात

केडगावच्या थांब्यावर मी एस.टी.ला हात केला, तेव्हा माझ्या अंगावर मोरपंखी नायलॉनची साडी होती, डोळ्यांवर धाकट्या भावाचा गॉगल होता आणि डोक्यात एक भाषण तयार होतं. त्र्याहत्तर सालच्या त्या रणरणत्या उन्हाळ्यात या तिन्ही वस्तूंचा कुणालाच उपयोग नव्हता. पण हे कळायला मला मिरजगावापर्यंत जावं लागलं.

माझं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा बरा होता. बँकेत होता, बोलताना समोरच्याकडे बघत होता. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. त्याच्या आईनं निरोप पाठवला होता की यमुना हे नाव फारच जुनं वाटतं, तर लग्नात तांदळाच्या ताटात आमचा मुलगा अंगठीनं 'वैशाली' असं लिहील. आमच्याकडे हे सर्रास चालायचं. मुलगी उंबरा ओलांडायची आणि तिचं नाव अलीकडेच राहायचं. माझ्या आईचं तसंच झालं होतं, आजीचंही. पण मी पडले बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. त्या वयात साधा राग आला तरी तो तत्त्व म्हणूनच येतो. नाव बदलणार असतील तर लग्नच मोडायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. त्याआधी मला माझ्या बाजूनं एक साक्षीदार हवा होता.

साक्षीदार म्हणजे कुसुम. ती सोनईची. नगरच्या शाळेत मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि वर्गात माझ्या बाकावर बसायची. नववीत असताना तिनं सगळ्या मुलींसमोर सांगितलं होतं, "माझं नाव बदलून दाखवाच. मी ओ देणारच नाही." त्यानंतर दोन महिन्यांत तिचं लग्न झालं आणि ती शाळेतून गेली. मिरजगावच्या शिंद्यांच्यात दिली, एवढंच मला ठाऊक होतं. कुसुमनं ओ दिली नसणार याची मला बालंबाल खात्री होती. तिच्या तोंडून ते ऐकायचं आणि परत येऊन घरात भाषण ठोकायचं, असा बेत. आईला मात्र मी म्हटलं, कुसुमला लग्नाचं आमंत्रण देऊन येते. तेही खोटं नव्हतं. लग्न होणार की नाही एवढंच तिच्यावर अवलंबून होतं.

नगरला गाडी बदलून मी सोलापूर रस्त्याला लागले. माझ्या शेजारी एक म्हातारे पागोटेवाले बसले होते. त्यांनी थोडा वेळ गॉगलकडे बघितलं आणि विचारलं, डोळे आलेत का. मी गॉगल काढून पिशवीत ठेवला. मग खिडकीबाहेरचं सगळं आहे त्या रंगात दिसायला लागलं. रानं उघडी पडली होती, काळ्या जमिनीला भेगा गेल्या होत्या, ओढ्यांमध्ये पाण्याच्या जागी वाळू होती. मधेच कुठं बाभळीखाली जनावरांची छावणी दिसायची. आणि रस्त्याच्या कडेला, थोड्या थोड्या अंतरावर, बायामाणसांच्या रांगा. म्हातारबांना विचारलं तर म्हणाले, दुष्काळी काम. सरकार खडी फोडून घेतं अन् पोटाला देतं. मी पेपरात वाचलं होतंच. पेपरात त्या रांगा एवढ्या लांब वाटल्या नव्हत्या.

मिरजगावच्या स्टँडसमोर चहाचं दुकान होतं. चहा काळाच मिळाला. दूध विचारल्यावर दुकानदार नुसता हसला. मी त्याला कुसुम शिंदे कुठं राहतात म्हणून विचारलं.

"कोन्या शिंद्याची?"

"ते माहीत नाही."

"आवो, अर्दं गाव शिंदे हाय. मालकाचं नाव सांगा."

मालकाचं नाव मला ठाऊक नव्हतं. बाकावरच्या दोघातिघांची करमणूक सुरू झाली. एकजण म्हणाला, बाईचं नाव ठावं अन् बाप्याचं न्हाई, हे समदं उलटंच काम हाय. शेवटी दुकानदाराला आठवलं, मारुतीच्या देवळामागं एक कुसुमबाई आहे खरी. मी विजयी मुद्रेनं उठले.

दार उघडलं ते चाळिशीच्या एका बाईनं. एका पायानं लंगडत होती. मी म्हटलं, कुसुमताईंना भेटायचंय. ती म्हणाली, मीच की. बसा.

बसल्यावर मी तोंड धुवायला पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला आणि काही न बोलता माझ्यासमोर एक घमेलं सरकवलं. मला वाटलं, काय ही टापटीप, जमीन ओली होऊ देत नाहीत. मी साबण लावला नाही हे नशीब. माझं धुऊन झाल्याबरोबर तिनं ते घमेलं उचललं आणि दारातल्या शेळीपुढं ठेवलं. शेळी माझी नगरी धूळ आणि पावडर गटागटा प्यायली. त्यानंतर मी त्या घरात पाणी मागितलं नाही.

जेवायला तिनं मिलोची (रेशनवर मिळणारी लाल परदेशी ज्वारी) भाकरी आणि चटणी दिली. भाकरी चावता चावता जबडा दुखायला लागला. बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "लई चिवट हाय. पन पोटात बराच येळ ऱ्हाती, त्येवढा गुन हाय तिचा."

मी तिला सांगितलं की मला हवी असलेली कुसुम माझ्या वयाची आहे, सोनईची.

"सोनईची? मंग आमची धाकली जाऊ. पार्वती."

"पार्वती नाही हो मावशी. कुसुम."

"म्हायेरची कुसुम आसंल. हितं आली तवा घरात एक कुसुम हुतीच की, मी. एका हाकंला दोगी कशा यायच्या? म्हून तिचं पार्वती ठेवलं."

माझं डोकं तापलं. तुमच्या नावापायी तिचं नाव गेलं, असं मी बोलूनही गेले. बाईला राग आला नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "माजं कुटलं वो ते नाव? मी तारा. कुसुम ह्या लोकांनी ठिवलेलं."

हे गणित पचवायला मला मिलोपेक्षा जास्त वेळ लागला. जन्माची कुसुम पार्वती होऊन बसली होती, कारण जन्माच्या ताराला कुसुम करून ठेवलं होतं.

पार्वती कामावर होती. तिची भाकरी फडक्यात बांधून ताराबाई निघाली आणि मी तिच्या मागून. पायामुळं तिला कामावर घेत नव्हते, म्हणून घरचं ती बघायची आणि दुपारची भाकरी पोचवायची. लंगडत असूनही ती माझ्या पुढं चालत होती. नायलॉनची साडी अंगाला चिकटून मी वाफेवर शिजत होते.

कामाचा आवाज आधी आला. कितीतरी हातोड्या एकदम चालत होत्या, पण एकीचा ठेका दुसरीला जुळत नव्हता. मग माळावर रांगा दिसल्या. प्रत्येक बाईपुढं दगडांचा एक ढीग आणि खडीचा एक. धुळीपायी सगळ्यांनी पदर नाकावरून घट्ट बांधलेले, नुसते डोळे उघडे. त्यातून माझी मैत्रीण ओळखायची कशी?

ताराबाई हाक मारणार, तेवढ्यात मी तिला थांबवलं. म्हटलं, मावशी, तुम्ही नका, मी मारते. माणूस आपलं खरं नाव विसरत नाही. हे वाक्य भाषणातलंच होतं. मी उंचवट्यावर उभी राहिले आणि गळा फाडून ओरडले, "कुसुम!"

एकही हातोडी थांबली नाही.

पुन्हा ओरडले. आता काहींनी मान वर केली, ती ही कोण मोरपंखी बाई बोंबलतेय हे बघायला. जवळच्या एकीनं ताराबाईला विचारलं, तुमालाच बोलवत्यात का वो. ताराबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मला न्हाई. ह्यांची मैतरीन हाय हितं कोन तरी. म्हायेरची कुसुम."

हातोड्यांचा आवाज जरा कमी झाला. समोरच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर खाली ओढला आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "मी म्हायेरची सोना."

तिच्या शेजारची हसली. म्हणाली, मी मंजुळा. मग पलीकडून आवाज आला, मी रखमा हुते. एकीनं चिमाबाई म्हणून सांगितलं तर तिच्या मागची उसळून म्हणाली, आगं, मी बी चिमाच. एवढी वर्षं मांडीला मांडी लावून बसलेल्या बाया होत्या त्या, एकमेकींच्या बाळंतपणाला गेलेल्या. आणि आता हातोडी मांडीवर ठेवून एकमेकींकडे नव्यानं बघत होत्या. एका बाईला आठवेचना. ती नुसती म्हणत राहिली, भाऊ मला काय म्हनायचा बरं, भाऊ काय म्हनायचा. सगळ्या तिच्यासाठी थांबल्या. "बनू," ती एकदम म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

मुकादम तरातरा आला. हात चालू द्या, गप्पा घरी मारा. त्यावर मंजुळेनं अगदी अदबीनं विचारलं, "मुकादम, तुमच्या मंडळींचं म्हायेरचं नाव काय वो?"

मुकादम थोडा वेळ उभा राहिला. मग त्याला पलीकडच्या रांगेत काहीतरी काम आठवलं.

आणि माझ्या अगदी पायाशी, पहिल्या रांगेत बसलेल्या बाईचे खांदे हलायला लागले. तिनं पदर सोडला. कुसुमच होती, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली. म्हणाली, "आवाज कवाच वळखला हुता. म्हनलं, बघू तरी यमी किती वरडती."

भाकरीच्या सुट्टीत आम्ही लिंबाखाली बसलो. तिनं माझ्या तळहातावर सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारं भाजक्या पिठाचं गोड खाणं) ठेवली. तिचे तळवे खरखरीत झाले होते आणि बोलणंही इकडचं झालं होतं. मी तिला बसल्या बसल्या माझा खटला सांगितला. वैशालीपासून लग्न मोडण्यापर्यंत. आणि विचारलं, तू तर म्हणाली होतीस ओ देणार नाही.

"दिलीच न्हाई. चार-आठ दिस न्हाई दिली. मग सासू म्हनली, बहिरी पोरगी गळ्यात मारली आपल्या. दवाखान्यात न्यायला गाडी जुपली, तवा दिली."

मी हसले, पण माझा साक्षीदार फुटला होता. मी विचारलं, मग वाईट नाही वाटत?

तिनं तोंडातला घास संपवला. मग म्हणाली, "पान्यासाठी पहाटं उठती ती पार्वती. खडी फोडती ती पार्वती, मुकादमाचं ऐकून घेती ती बी तीच. कुसुम सोनईला हाय, आईच्या दारात. तिला मी हिकडचं ऊन लागू दिलं न्हाई."

माझ्या भाषणात या गोष्टीला जागाच नव्हती. मी म्हटलं, "म्हणजे मी वैशाली व्हावं म्हणतेस?"

"तू कशाला? तुला कुटं खडी फोडायची हाय? तुला एक नाव बक्कळ झालं." मग तिनं माझ्या साडीच्या काठावरची धूळ झटकल्यासारखं केलं. "पन बोलल्याबिगर मोडू नको. आन् भाषन तर आजाबात करू नको, तुला सवय हाय. सासूला नुसतं इचार, तुमचं म्हायेरचं नाव काय हुतं म्हून."

सुट्टी संपली. मी निघाले तेव्हा ताराबाई रिकामं फडकं झटकत माझ्याबरोबर रस्त्याकडे वळली. मागून तिच्याच वयाची कोणीतरी ओरडली, "ए तारे, उद्या लवकर ये गं!" अख्खी रांग हसली. ताराबाईनं मागं वळून बघितलं नाही, पण तिचं लंगडणं सुद्धा जरा ऐटीत आलं होतं.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून मुलगा आणि त्याची आई, सुशीलाबाई, साड्यांच्या खरेदीसाठी आमच्याकडे आले. चहा झाला, तांदळाच्या ताटाचा विषय निघाला. मी मान वर करून कुसुमचा प्रश्न विचारला. आईनं मला चिमटा काढला, तो अजून आठवतो.

सुशीलाबाईंनी कप खाली ठेवला. चष्मा काढून पदरानं पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"वेणू," त्या म्हणाल्या.

मुलगा बँकेतला, चौकशीची सवय. त्यानं विचारलं, "कोण वेणू?"

"मी रे," त्या म्हणाल्या. "मी."

ज्या मुलाला आपल्या आजोबांच्या बैलांचीसुद्धा नावं पाठ होती, तो आईकडे बघतच राहिला. त्यानंतर ताटाचा विषय कुणी काढला नाही. लग्नात अंगठीनं यमुनाच लिहिलं गेलं, तेही थोडं वाकडं.

त्यानंतर मी पुष्कळ फिरले. देवळं आणि किल्ले पाहिले, त्यातलं निम्मं विसरले. मिरजगावला मात्र बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं तर मला आजही चटकन सांगता येत नाही. तिथून मी येताना काय आणलं, ते सांगते. माझं आणि सासूबाईंचं पुढं रोज भांडण व्हायचं. मिठावरून, देवावरून, मुलांच्या शेंबडावरून. त्या ऐकायच्या नाहीत आणि मी तर त्याहून नाही. मग घरात दुसरं कुणी नाही असं बघून मी स्वयंपाकघरातून हळूच हाक मारायची, "वेणू, ए वेणू." सासूला नावानं हाक मारणारी सून मी. त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि रागावल्याचा आव आणायच्या.

पण ओ द्यायच्या.