पत्र्यावरचे दगड

शेजारच्या घरावर दगड पडायला लागले तेव्हा मी नववीत होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. जळगाव जामोदमध्ये आमचं घर अगदी कडेला, मागे आमचंच शेत आणि त्याच्याही मागे सातपुडा. घराशेजारची पडीक जमीन मालकाने प्लॉट पाडून विकली. तिथे पहिलं घर उभं राहिलं ते एका प्राथमिक शिक्षकाचं. विटांच्या भिंती, वर पत्रे. त्यांची बायकोही शिक्षिका, पण बाळंतपणाच्या रजेवर होती. त्यांना आम्ही मास्तर आणि बाई म्हणायचो.

त्या पडीक जमिनीतून आमची बैलगाडी शेतात जायची. मास्तरांनी कुंपण घातलं आणि गाडीला नाल्याकडून वळसा पडू लागला. "माह्या बापजाद्याचा रस्ता अडवला त्यानं," बाबा येईल-जाईल त्याला सांगायचे. दुसरं कारण ते चारचौघांत काढायचे नाहीत. मास्तरांच्या घराने काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता, आणि त्यांचं दार आमच्या दारासमोर उघडावं हे बाबांना सोसवत नव्हतं.

मी मात्र त्या घरी रोज जायचे. माझं गणित कच्चं होतं. बाईंनी आपणहून मायला म्हटलं, "पाठवत जा संध्याकाळी, मीही घरीच असते." बाबांनी मला कधी अडवलं नाही. परत आल्यावर तेवढं म्हणायचे, "हातपाय धुऊन आत ये." आणि मी धूत असे. बाईंच्या अंगणातून आमचं न्हाणीघर दिसायचं. त्या पाहत असतील असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

दसऱ्यानंतर, ज्वारी कणसावर आली तेव्हा, पहिला दगड पडला. दिवेलागणीची वेळ होती. मी उदाहरण सोडवत होते आणि डोक्यावर पत्र्याचा असा आवाज झाला की हातातली लेखणी सुटली. झोळीतलं बाळ रडायला लागलं. मास्तर टॉर्च घेऊन धावले. आजूबाजूची माणसं जमली. दगड सापडला, टाकणारा सापडला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणीतरी भानामतीचं नाव काढलं. बायका मुलांना त्या बाजूला फिरकू देईनात.

दगड पडला की थोड्या वेळाने बाबा शेतातून काठी टेकत यायचे. "मी तिकडंच होतो. कोणी दिसलं नाही मले," म्हणायचे. मग मास्तरांना बाजूला घेऊन, "ही जागा पहिल्यापासूनच वाईट आहे, मास्तर. उगीच का पडीक राह्यली एवढी वर्षं? लेकराले घेऊन इथं राहू नका."

मास्तर शांतपणे ऐकून घ्यायचे. "पाहू, दादा," एवढंच म्हणायचे. एकदा बाईंनी बाबांसाठी चहा आणला. बाबा म्हणाले, "चहा सोडला मी." त्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या चुलीपुढे बसून दोनदा चहा घेतला होता. मी खाली पाहिलं. बाईंनी कप तसाच परत नेला.

एका संध्याकाळी पाहुणे आले म्हणून मायने मला बाबांना बोलवायला शेतात पाठवलं. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. पाखरं राखायच्या माळ्यावर बाबा उभे दिसले. पाखरं केव्हाच झाडांवर जाऊन बसली होती, तरी त्यांच्या हातात गोफण होती. त्यांनी ती डोक्याभोवती फिरवली, शेताकडे पाठ करून, आणि दोरी सोडली. क्षणभराने गावाकडून पत्र्याचा आवाज आला.

मी ज्वारीत खाली बसले. बाबा माळ्यावरून उतरले, गोफण गुंडाळून बंडीच्या खिशात घातली, काठी घेतली आणि आवाजाच्या दिशेने निघाले. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. चेहरा रोजचाच, रोजच्या कामाला निघाल्यासारखा.

मी मायला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"हळू बोल," ती म्हणाली. "मले ठाऊक आहे. बंडी धुताना खिशात गोटे सापडतात."

"मंग बोलत काऊन नाहीस?"

"कोणाले बोलू? जगात तोंड दाखवायचं आहे न आपल्याले."

त्यानंतर मी शिकवणीला जाणं बंद केलं. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

आठवडाभरात एक दगड पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून थेट आत गेला. झोळीच्या शेजारी पाण्याचा माठ होता, तो फुटला. बाळाला काही झालं नाही. बाई अंगणात बाळाला छातीशी धरून उभ्या होत्या, दोघांचे कपडे ओले. मास्तर म्हणाले, "उद्या-परवा दुसरी खोली पाहतो."

बाबा जेवायला बसले तेव्हा खुशीत होते. "आता जाईन तो," म्हणाले, आणि अजून एक भाकरी मागितली. मायने ती वाढली. पण त्यांच्याकडे पाहत ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर तिने सुपात तूर घेतली आणि मला हाक मारली. बाबा शेताकडे निघाले होते. ती त्यांना म्हणाली, "मी मास्तरच्या घरात बसायले जाऊन राह्यली. पोरीले घेऊन. अंधार पडेलोक तिथंच राहीन."

"तुह्यं काय काम तिथं?"

"काही नाही. तूर निवडीन."

बाबा काठी उचलून शेताकडे गेले. आम्ही त्या पत्र्याखाली जाऊन बसलो. मायने बाईंना कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. माय तूर निवडत राहिली, पण पुष्कळदा तिचा हात सुपात नुसताच थांबलेला असायचा. त्या संध्याकाळी दगड पडला नाही. माय रोज जाऊ लागली आणि दगड बंद झाले. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "तुह्या पायगुणानं भानामती पळाली, बाई."

मग एक दिवस मायला ताप भरला आणि ती उठू शकली नाही. त्या संध्याकाळी पत्रा वाजला.

माणसं पुन्हा जमली, पण या वेळी कोणी वर पाहिलं नाही. सगळे आमच्या घराकडे पाहत होते. मी मायच्या उशाशी बसून खिडकीतून ते पाहिलं. कोणी आरडाओरडा केला नाही. एकेक जण मान वळवून आपापल्या घरी गेला. मला वाटलं, कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी मास्तर आमच्या ओट्यापाशी आले. त्यांनी तो दगड ओट्यावर ठेवला.

"दादा, हा तुमच्या शेतातला दिसते."

बाबा म्हणाले, "गोटे सगळ्यांच्याच शेतात असतात, मास्तर."

"हाव. असतात," मास्तर म्हणाले. मग ते वळून शाळेला निघून गेले. बाबांनी दगड उचलून उकिरड्याकडे फेकला. त्यानंतर दगड पडले नाहीत, आणि मास्तरांनीही घर सोडलं नाही.

रस्त्यात बाई दिसल्या की मी दुसऱ्या आळीने जायचे. एकदा त्यांनी मला शाळेच्या वाटेवर गाठलं. म्हणाल्या, "व्याज झालं, नफा-तोटा राह्यला आहे तुझा. उद्या ये." मी गेले. त्यांनी पहिल्यासारखंच शिकवलं, चुकलं की पहिल्यासारखंच रागावल्या. मला मात्र वहीवरून मान वर करता येत नसे. परत आल्यावर मी हातपाय धुवायचं सोडून दिलं. बाबांनीही ते म्हणणं सोडून दिलं.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी मास्तरांची बदली बीबी गावाला झाली. जायच्या दिवशी बाई आमच्या दारात आल्या. बाळ आता चालत होतं, त्यांच्या पदराला धरून उभं होतं. मायने बाईंना कुंकू लावायला हात पुढे केला, आणि बौद्ध घरात ते चालेल की नाही या विचाराने मागे घेतला. बाई हसल्या. म्हणाल्या, "दादा आहेत का? सांगून जावं म्हटलं."

"घरी नाहीत," माय म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा खोकला ऐकू आला. त्यांनी तो दाबायचा प्रयत्न केला, त्यामुळे जास्तच आला. आम्ही तिघी उंबऱ्याशी उभ्या होतो. बाईंनी खाली वाकून मुलाचं टोपडं सारखं केलं, जे आधीच सारखं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आले की सांगा, आम्ही जाऊन राह्यलो म्हणून."

मी त्यांच्यासोबत बस लागते तिथपर्यंत गेले, मुलाला कडेवर घेऊन. काहीतरी बोलायचं होतं. बस आली, मुलाला त्यांच्या हाती दिलं, आणि बोलायचं राहून गेलं. बाईंनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हाही मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

परत आले तेव्हा बाबा अंगणात गाडीच्या आसाला वंगण लावत होते.

"गेले का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"घर कोणाले दिलं?"

मी त्यांच्यासमोरून तशीच आत गेले. बापाने विचारलेल्या गोष्टीला उत्तर न देण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.