डाव्या हातासाठी दुसरा ॲम्प्लिफायर

मागच्या सुट्टीत धाकट्या नातीने विचारले होते, की एवढ्याशा दोन स्पीकरांमागे दोन ॲम्प्लिफायर कशाला. भात शिजायचा होता, म्हणून मी ‘आजोबांची हौस’ एवढेच म्हणाले. ते उत्तर अपुरे होते. आज हात रिकामे आहेत, तेव्हा पुरे करते.

ते स्पीकर तुमच्या बाबाने तिकडे नोकरी लागल्यावर पाठवले होते. पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे. प्रत्येकात वर बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर आणि खाली खर्जाचा वूफर. आपल्या बुलढाण्याच्या घरी दर रविवारी दुपारी आजोबा त्यांवर गाणे लावत. ऐकायला आम्ही तिघे: आजोबा, मी आणि देऊळघाटचे काका. काका आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. घरची शेती, आणि गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पीकरना नावे ठेवली.

“वहिनी, उजवा हात तं वाजून राह्यला. याचा डावा हात कुठी गेला?”

“डबा केवढा आहे, त्यात किती मावंल?” आजोबा म्हणाले.

“मंग मोठा डबा आण ना बे. बियाण्यात तं लय कमावून राह्यला.”

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात, त्यामुळे तिला तो भरीव घुमारा येतो. काकांना तोच हवा असायचा. दर रविवारी ते हीच तक्रार करायचे, आणि आम्ही दर रविवारी हसायचो.

आजोबांचे बाजारात बियाणे आणि खतांचे दुकान होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बीटी कापूस नवा आला तीच ती वर्षे. लोक पाकिटावरचे चित्र पाहायचे आणि मग आजोबांच्या तोंडाकडे पाहायचे. आजोबा म्हणतील ते लावायचे. काकांनीही तसेच केले. पहिल्या वर्षी बरे पिकले. पुढच्या वर्षी आजोबांनी आणखी नव्या वाणाचे नाव सांगितले. “हेच लाव, डोळे मिटून लाव,” हे त्यांचे शब्द मी दुकानात बसून ऐकले होते. ऐन बोंडे धरायच्या वेळी पावसाने पाठ फिरवली. काकांची जमीन हलकी, कोरडवाहू. पाने लाल झाली आणि बोंडे झाडावरच आवळून बसली. आजोबा शेत पाहायला गेले तेव्हा मीही सोबत होते. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहून दोघे बराच वेळ एकाच दिशेला बघत होते. काकांनी दोष दिला नाही. घरी नेऊन चहा पाजला. त्यानंतरच्या रविवारी मात्र ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. बाजारात भेटले की म्हणायचे, “हाव, येतो ना,” आणि यायचे नाहीत.

भांडण झाले असते तर मिटवता आले असते. दुकानात दिवसभर ‘कोणतं लावू’ हाच प्रश्न विचारणारी माणसे यायची, आजोबा तेच उत्तर द्यायचे. घरी आले की हातपाय धुऊन, जेवून, नुसते बसायचे. दमलेल्या माणसाला झोप तरी लागते, त्यांना तीही नीट लागत नव्हती. रविवारी तिसरी खुर्ची मात्र स्वतः मांडायचे. त्यांना काका परत हवे होते. बाकी कशाचेच त्यांना त्या दिवसांत अगत्य नव्हते.

एका रविवारी त्यांनी स्पीकरसोबत आलेले माहितीपुस्तक माझ्यापुढे ठेवले. “जरा वाचून सांग, मागे चार स्क्रू काऊन आहेत?” मी वाचले. खालचे दोन स्क्रू वूफरचे, वरचे दोन ट्वीटरचे, मध्ये पितळी पट्ट्या. पट्ट्या काढल्या तर वूफरला वेगळा ॲम्प्लिफायर जोडता येतो, म्हणजे खर्ज हवा तेवढा वाढवता येतो आणि वरचा आवाज तसाच राहतो. आजोबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. हे कोणासाठी, असे मी विचारले नाही.

दुसरा ॲम्प्लिफायर मलकापूरहून आणला. स्टेशनच्या बाजूला एक मुसलमान गृहस्थ मंडपवाल्यांना आणि बँडवाल्यांना ॲम्प्लिफायर बांधून द्यायचे. आजोबांनी काय हवे ते सांगितल्यावर त्यांनी स्पीकरच्या मापाचा अंदाज हातानेच घेतला.

“चाचा, एवढ्या पोराले पहिलवानाचा खुराक?”

“खुराक फक्त पोटाले द्यायचा,” आजोबा म्हणाले. “डोक्याले नको.”

“फाटला तं माझ्याकडे आणू नका म्हंजे झालं.”

घरी आल्यावर मी प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी चिकटवली: डावा वर, डावा खाली, उजवा वर, उजवा खाली. आवाज निघाला, पण खर्ज मरगळलेला. त्या वर्षांत वीज असायची तेव्हाही तिच्यात जोर नसायचा. ज्याच्या घरी तीन फेज असतील तो कमजोर फेजमधला फ्यूज उपसून दुसऱ्या फेजमध्ये खोचायचा. तुम्ही फोनवरचे गाणे बदलता तितक्या सहज आमच्या आळीतली माणसे फेज बदलायची. आपल्या घरी खाली गोदाम होते, म्हणून तीन फेज होते. आजोबांनी एक पाऊल पुढे टाकले. घराचे दिवे, पंखे, फ्रीज आणि पहिला ॲम्प्लिफायर एका फेजवर ठेवला, आणि खर्जाच्या ॲम्प्लिफायरला अख्खा दुसरा फेज दिला. वेगळा म्हणजे मुळापासून वेगळा, असे त्यांचे म्हणणे. पुस्तकात असे काही लिहिलेले नव्हते. मागे बारीक गुणगुण यायला लागली, पण पखवाजाची थाप पडली की खालची फरशी तळव्यांना जाणवायची. तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांनी मला हाक मारून काही ऐकवले.

काकांना निरोप गेला तो असा: “डावा हात सापडला. ऐकून जा.”

ते आले. उन्हाळा लागला होता, बाहेर वारे सुटले होते. पाणी प्यायले, तिसऱ्या खुर्चीवर बसले, आणि आजोबांनी एकट्या पखवाजाची तबकडी लावली. काका थोडा वेळ ऐकत राहिले, मग उठून वूफरसमोर तळहात धरला.

“आता बोलून राह्यला,” ते म्हणाले. “कणीक जराशी जास्त झाली, पण बोलून राह्यला.”

आजोबा हसले. कणीक कमी करतो म्हणून त्यांनी खर्जाचे बटण थोडे उलटे फिरवले. तेवढ्यात बाहेर खांबावर काहीतरी तुटल्याचा आवाज आला. पंखा मंदावला, दिवा पिवळा पडला, आणि खर्जाच्या ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. मग सगळेच बंद. वाऱ्याने खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे सगळ्या फेजची सामाईक परतीची तार तुटली होती. दोन फेज एकमेकांशी जोडले गेले, आणि ज्या फेजवर एकटा तोच होता तिथे सगळा दाब गेला. एकाच फेजवर असता तर नुसता बंद पडला असता. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी लाईनमनने सांगितले. त्या वेळी आम्ही फक्त जळका वास घेत बसलो.

“गेलं बे तुझं,” काका म्हणाले.

“गेलं.”

“काऊन केलं एवढं?”

“तू म्हणत होता ना, डावा हात नाही म्हणून.”

 काकांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली. “पाह्य, मी येतो रविवारी. मले यायचंच आहे. पण यंदा बियाणं मी दुसरीकून नेणार. तुह्याकून नाही.”

“नेय ना.”

“राग नको मानू.”

“नाही मानत.”

“घरचे आयकत नाहीत बे. अन् खरं सांगतो, माझंही मन होत नाही.”

आजोबांनी मान हलवली. मी चहा टाकायला उठले, कारण तिथे बसवेना.

ॲम्प्लिफायर मलकापूरला दुरुस्त झाला. त्या गृहस्थांनी “म्या काय म्हणलं होतं” एवढेच म्हटले. नंतर दोन्ही एकाच फेजवर चालले, वीज असेल तेवढ्याच जोरात, आणि काका कणीक कमी झाल्याची तक्रार करत राहिले. ते पुढे अनेक वर्षे आले. दोघे सगळ्यावर बोलायचे: पावसावर, पुढाऱ्यांवर, तुमच्या बाबावर. बियाण्याचा विषय निघाला नाही. मला कधी कधी वाटायचे की न बोललेल्या त्या एका गोष्टीभोवती वाट काढत चालण्यातच दोघे थकून गेले.

जून लागला की काका खरेदी उरकूनच यायचे. दुसऱ्या दुकानाची पिशवी ते आत आणत नसत. ओट्यावर, चपलांच्या शेजारी, पालथी घालून ठेवायचे, वरचे नाव दिसू नये म्हणून. आजोबांची खुर्ची खिडकीजवळ होती. त्यांना ती दिसायची. ते उठून तबकडी लावायचे आणि खर्ज थोडा वाढवायचे.