आईने सोडलेला चहा

आमच्या आईला दिवसातून पाच वेळा चहा लागायचा. पहाटे चुलीपुढे बसून, कपातला बशीत ओतून ती पहिला घोट घ्यायची तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात कायदाच होता. अशा बाईने माझ्यासाठी चहा सोडला. शेतकीची पदवी घेऊन मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला परभणीला खोली केली आणि त्याच आठवड्यात तिने पोखर्णीच्या नरसिंहाला सांगून टाकलं, पोरगा साहेब झाल्याशिवाय चहाला तोंड लावणार नाही. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर म्हणालो असतो, माझे आई, शनिवार धर, एकादशी धर, पण चहाच्या वाटेला जाऊ नकोस.

पहिलं वर्ष हौसेत गेलं. पुढे मात्र सुट्टीला गावी, राणीसावरगावला गेलो की पंचाईत व्हायची. सगळ्यांच्या हातात कप देऊन आई स्वतः गरम पाण्याचा पेला घेऊन बसायची, आणि माझ्या घशाखाली चहा उतरायचा नाही. लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारायचंच, "काय करायलास सध्या?" माझं उत्तर ठरलेलं, "अभ्यास करायलोय." सहा वर्षं मी हेच सांगत होतो. विचारणाऱ्यांची पोरं कामाला लागली, त्यांची लग्नं झाली, बारशीसुद्धा झाली. मी एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो आणि तीन मार्कांनी हुकलो. त्यानंतर तर पहिली पायरीही चढता येईना.

शेवटी थकलो आणि परभणीतच एका खाजगी माती तपासणी केंद्रात नोकरी धरली. शेतकरी पिशवीत आपल्या रानातली माती घेऊन यायचे. ती वाळवायची, चाळायची, तपासायची आणि कोणतं खत किती टाकायचं ते कागदावर लिहून द्यायचं. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मी दिलेला कागद नीट घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि मला उगाचच रडायला आलं. इतक्या वर्षांत मी लिहिलेल्या कागदाचा कुणाला उपयोग झाला नव्हता. काम मला मनापासून आवडलं. रात्री झोप लागायला लागली.

घरी मात्र अळीमिळी गुपचिळी. आठ महिने मी फोनवर "अभ्यास चालू आहे" असंच सांगत राहिलो. वडिलांची भीती नव्हती. ते दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. पण अभ्यास सोडला म्हणून सांगावं, तर आईचा चहा जन्माचा गेला. न सांगावं, तरी ती कोरडीच. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

एक दिवस आईचाच फोन आला. "शनवारी पोखर्णीला ये. बोलायचं हाय." एवढं म्हणून तिने फोन ठेवला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी हिला सांगितलं, आता देवासमोरच झडती होणार, अशी माझी खात्री झाली.

मी परभणीहून मोटारसायकलवर गेलो, ती गावाहून गंगाखेडमार्गे बसने आली. दर्शन झालं. देवळाबाहेरच्या ओट्यावर आम्ही नारळाचं खोबरं खात बसलो. पावसाचं झालं, म्हशीचं झालं. शेवटी मीच डोळे मिटून उडी टाकली.

"आई, मी अभ्यास सोडला. आठ महिने झाले. नोकरी करायलोय. साहेब काय आता मी व्हत न्हाई."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

"रडू नको की. तू आजपासून चहा पी. देवाला काय सांगायचं ते मी सांगतो."

त्यावर ती जास्तच रडायला लागली. मग पदराआडून म्हणाली, "म्या पिते रे चहा."

मला आधी कळलंच नाही. "कवापासून?"

"चार वर्षं झाले. रानात कापूस वेचायला बाया व्हत्या. तीन दगडं मांडून त्यांनी चहा केला. थंडी लय व्हती. वास आला अन् ऱ्हावलं न्हाई, घेतला कपभर. आठच दिसांनी तुझा निकाल आला. तीन मार्क." तिने तीन बोटं माझ्यापुढे धरली. "एकदा मोडलंच म्हणून मंग तुझ्या काकीच्या घरी जाऊन प्यायला लागले. तू आलास की गरम पाणी. पर दर निकालाला वाटायचं, म्याच खाल्लं लेकराचं नशीब. आज तेच सांगाया बोलावलं तुला. पचंना मला."

त्या तीन मार्कांसाठी मी पेपर तपासणाऱ्यापासून नशिबापर्यंत सगळ्यांना बोल लावला होता. आणि ही बाई चार वर्षं, भाकरी थापताना, कापूस वेचताना, माझा फोन उचलताना, एका कपाचा गुन्हा डोक्यावर घेऊन हिंडत होती. मला लाज वाटली. कारण त्या तीन मार्कांचं खरं मला ठाऊक होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आई, त्या परीक्षेच्या आधी पंधरा दिवस मी मोबाईलवर क्रिकेट बघत बसलो व्हतो. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलंच न्हाई. घरी सांगितलं, पेपर अवघड व्हता."

तिचे हुंदके थांबले. "खरं?"

"देवाच्या दारात बसून खोटं बोलू का?"

"म्हंजे माझ्या चहानं न्हाई गेलं?"

"न्हाई. माझ्या क्रिकेटनं गेलं."

तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की पलीकडची नारळवाली वळून बघायला लागली. "मुडद्या, चार वर्षं मला झोप न्हाई!" आणि मग ती हसायला लागली. पदर खाली गेला तरी तिला भान नव्हतं. माझ्या नालायकपणाची बातमी ऐकून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. माझाही जीव भांड्यात पडला.

"पुस्तक एकदा बी उघडलं न्हाई?" तिने पुन्हा विचारलं.

"एकदा बी न्हाई."

तिने देवळाकडे वळून हात जोडले आणि परत रडायला लागली. या वेळी मी तिला रडू दिलं.